गाणी ऐकवणाऱ्या कंपन्याच गाणी काढायला लागल्या, तर फॅन्सचं बिनसतं कुठे?

नावडे फाट्यावरून गावात शिरायचं, आणि त्या रात्री कुणाकडे हळद असेल तर पत्ता विचारायची गरजच पडत नाही. आवाजाच्या दिशेनं चालायला लागायचं. मांडवात पिवळीधमक झालेली माणसं, कुठे बेंजो पार्टी, कुठे डीजे, आणि एका मागोमाग एक आगरी-कोळी गाणी. एकवीरा आईचं गाणं झालं की नवऱ्याच्या मामाच्या फर्माईशीचं, ते झालं की पोरांचं. मग तळोजा एमआयडीसीतून शिफ्ट उरकून थेट मांडवात आलेला एखादा पोरगा मोबाईल घेऊन डीजेवाल्याकडे जातो आणि म्हणतो, "ह्ये लाव."

ते 'ह्ये' म्हणजे बहुतेक वेळा यूट्यूबवरचं गाणं असतं. गाणारा पनवेल, उरण नाहीतर भिवंडीकडचा. कीबोर्डवाला कुणाचा तरी मावसभाऊ. व्हिडिओत नाचणारी पोरं ओळखीची. खाली कमेंटमध्ये गावांची हजेरी लागलेली असते, अमक्या गावातून कोण कोण ऐकतंय म्हणून. गाणं कसं आहे हा मुद्दा नंतर येतो, आधी 'आपल्या माणसाचं' आहे हे येतं.

आता समजा, हेच गाणं कुणी गायलंच नसेल. एखाद्या कंपनीच्या सॉफ्टवेअरनं दोन मिनिटांत तयार केलं असेल आणि त्याच कंपनीच्या किंवा तिच्या दोस्त कंपनीच्या ॲपनं ते प्लेलिस्टमध्ये वर ढकललं असेल. तर तो पोरगा 'ह्ये लाव' म्हणेल का?

जगभरातले फॅन्स सध्या याच प्रश्नावर भांडतायत. आणि हे भांडण समजून घ्यायला कॅलिफोर्नियापासून सुरुवात करायची गरज नाही, घणसोलीपासून केली तरी चालतं.

घणसोलीत काय झालं होतं?

नावड्यापासून फार लांब नाही, नवी मुंबईतच घणसोलीला रिलायन्स कॉर्पोरेट पार्क आहे. जिओचा सगळा पसारा तिथून चालतो. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, डेटा जवळपास फुकट झाला आणि आपल्याकडे गाणं ऐकण्याची सवयच बदलली. मेमरी कार्डात गाणी भरून देणारी मोबाईलची दुकानं आठवतायत? त्यांचा धंदा बसला तो याच काळात.

पण फक्त डेटा विकून भागणार नव्हतं. मार्च २०१८ मध्ये रिलायन्सनं जाहीर केलं की आपलं 'जिओम्युझिक' आणि 'सावन' हे गाण्यांचं ॲप एकत्र करणार. एकत्र झालेल्या धंद्याची किंमत १ अब्ज डॉलरच्या वर धरली गेली. त्याच वर्षी डिसेंबरात 'जिओसावन' या नावानं ॲप आलं.

ज्याकडे फारसं कुणी बघितलं नाही ती गोष्ट वेगळीच होती. सावन ही कंपनी २००७ पासून दुसऱ्यांची गाणी ऐकवत होती. २०१७ मध्ये तिनं 'आर्टिस्ट ओरिजिनल्स' नावानं स्वतःची गाणी काढायला सुरुवात केली. म्हणजे कलाकार शोधायचा, गाणं बनवायला मदत करायची आणि आपल्याच ॲपवर ते लावायचं. पुढे ही सगळी व्यवस्था जिओच्या छत्राखाली आली. एकाच घराकडे सिमकार्ड, डेटा, ॲप आणि आता गाणंही.

यावर फॅन्स भडकले का? तसं काही दिसलं नाही. कारण गाणारा माणूस खरा होता, त्याचं नाव गाण्यावर होतं आणि सिनेमाबाहेरच्या गाण्याला तेव्हा कुणी दारात उभं करत नव्हतं. अशा वेळी एखादं ॲप पैसे टाकत असेल तर ऐकणाऱ्याला त्यात वाईट वाटायचं कारण नव्हतं.

हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

यंत्र विकणाऱ्यांनी गाणी काढणं नवीन आहे का?

अजिबात नाही. उलट गाण्याचा धंदा सुरूच तसा झाला. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग यंत्रं घेऊन कलकत्त्यात उतरले आणि त्यांनी गौहर जान यांचं रेकॉर्डिंग केलं. कंपनीला खपवायचं होतं यंत्र. पण नुसतं यंत्र कोण घेणार? त्यावर वाजवायला इथली गाणी हवी होती. म्हणून गाणी.

त्यात एक गंमत आहे. गौहर जान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. कारण तबकडी छापली जायची जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगाराला कुठली तबकडी कुणाची हे कळायला हवं. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या टेक कंपनीला गाणारीचं नाव गाण्यातच कोरून घ्यावं लागलं होतं.

पुढेही तेच चालू राहिलं. टी-सीरिज कॅसेटच्या धंद्यातून मोठी झाली. वॉकमन बनवणाऱ्या सोनीनं १९८८ मध्ये अमेरिकेतली सीबीएस रेकॉर्ड्स ही बडी म्युझिक कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरला घेतली. तेव्हा 'तंत्रज्ञानवाल्यांनी गाण्यात का यावं' ही तक्रार तशी पोकळ आहे. ते गाण्यातच होते.

आणि आपल्या आगरी गाण्याचं तरी काय? तिथे ऱ्हिदम पॅड आहे, कीबोर्डमधली तयार बीट आहे, ऑटोट्यून आहे, घरच्या खोलीत लॅपटॉपवर केलेलं मिक्सिंग आहे. मशीनशी आपलं वाकडं असतं तर हळदी कधीच शांत झाल्या असत्या.

मग राग नेमका कशाचा?

पहिला मोठा राग आला तो चक्क फुकट मिळालं म्हणून. ९ सप्टेंबर २०१४ ला ॲपलनं नवे आयफोन दाखवले आणि त्याच कार्यक्रमात यू-टू या आयरिश बँडचा नवा अल्बम जवळपास ५० कोटी आयट्यून्स खात्यांमध्ये टाकून दिला. न विचारता. लोकांनी सकाळी फोन उघडला तर त्यांच्या गाण्यांच्या यादीत कुणीतरी येऊन बसलेलं. इतक्या शिव्या पडल्या की ॲपलला काही दिवसांत तो अल्बम काढून टाकायची खास सोय द्यावी लागली, आणि बँडच्या बोनोनं पुढच्या महिन्यात जाहीर माफी मागितली. गाणी वाईट होती म्हणून हे झालं नाही. माझ्या घरात मला न विचारता सामान आणून ठेवलं, याचा तो राग होता.

दुसरा राग जास्त खोल आहे आणि तो फसवणुकीचा आहे.

स्पॉटिफायवर झोपेसाठी, अभ्यासासाठी, शांत बसण्यासाठी अशा प्लेलिस्ट असतात. तुम्हीही कधीतरी लावल्या असतील. २०१६-१७ पासून पत्रकार विचारत होते की या प्लेलिस्टमध्ये कोट्यवधी वेळा वाजणारे काही 'कलाकार' कोण आहेत, कारण त्यांचा ना कार्यक्रम, ना मुलाखत, ना फोटो. आम्ही खोटे कलाकार तयार करत नाही, असं स्पॉटिफायनं तेव्हा सांगितलं. मग मार्च २०२४ मध्ये 'डागेन्स न्यूहेटर' या स्वीडिश दैनिकानं एक माणूस शोधून काढला. योहान रोर. या एकट्या संगीतकाराची गाणी ६५० हून अधिक कलाकारांच्या नावांनी स्पॉटिफायवर होती आणि ती सुमारे १५०० कोटी वेळा ऐकली गेली होती.

त्यानंतर पत्रकार लिझ पेली यांनी 'हार्पर्स' मासिकात आणि मग २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडलं की स्पॉटिफायमध्ये 'परफेक्ट फिट कंटेंट' नावाचा एक कार्यक्रम होता. ठराविक कंपन्यांकडून स्वस्तात मिळणारं संगीत अशा प्लेलिस्टमध्ये भरायचं, म्हणजे नावाजलेल्या कलाकारांना द्यावा लागणारा पैसा वाचतो.

हे गावच्या भाषेत सांगायचं तर बाजारात गाळे भाड्यानं देणाऱ्यानं स्वतःच दहा गाळे वेगवेगळ्या नावांनी थाटावेत आणि गिऱ्हाईकाला गेटवरूनच तिकडे वळवावं, तसं. भाजी खराब आहे असं कुणी म्हणत नाही. पण बाकीच्या भाजीवाल्यांनी कुठे जायचं?

घणसोलीची गोष्ट लक्षात ठेवा म्हटलं होतं ते यासाठी. तिथेही दुकानवाल्यानं स्वतःचा माल काढला होता, पण पाटी लावून. इथे पाटीच नव्हती. दुकान आणि माल एकाच हातात असणं हा धोका दोन्हीकडे आहेच, आणि जिओसारख्या सगळं एकाच छताखाली असलेल्या कंपनीबाबत तर तो जास्त आहे असं माझं मत आहे. पण ऐकणारा भडकतो तो पाटी लपवली की.

याचा कळस जून-जुलै २०२५ मध्ये झाला. 'द वेल्वेट सनडाऊन' नावाचा बँड अचानक आला, महिन्याला दहा लाखांहून जास्त श्रोते मिळवले आणि लोकांना संशय यायला लागला. फोटो जरा जास्तच गुळगुळीत होते. आधी नाही नाही म्हणून झालं, मग बँडच्याच प्रोफाइलवर कबुली आली की हे एआयच्या मदतीनं केलेलं कृत्रिम संगीत आहे. ज्यांना गाणी आवडली होती त्यातलेच बरेच जण सगळ्यात जास्त चिडले. आवडलं होतं म्हणूनच चिडले.

किशोरदांचा आवाज आणि आशाताईंची केस

आपल्याकडे हे भांडण आवाजावरून पेटलं. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर 'सैयारा' सिनेमाचं शीर्षकगीत किशोर कुमार यांच्या आवाजात ऐकवणारी एआय आवृत्ती तुफान व्हायरल झाली. कितीतरी जणांना ती मूळ गाण्यापेक्षा आवडली. कितीतरी जणांना ते ऐकून कसंतरी झालं, कारण किशोर कुमार १९८७ मध्येच गेले आणि त्यांनी या गाण्याला हो म्हटलेलं नाही. एकाच घरात बाप आणि पोरगा यावर दोन बाजूंना असू शकतात, आणि गंमत म्हणजे पोरगा विरोधात असतो असंही बघायला मिळतं.

ए. आर. रहमान यांनी जानेवारी २०२४ मध्ये 'लाल सलाम' या तमिळ सिनेमासाठी बम्बा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआयनं वापरले. तिथेही वाद झाला, पण रहमान यांनी लगेच सांगितलं की दोन्ही कुटुंबांची परवानगी घेतली आहे आणि मोबदलाही दिला आहे. त्यानं बराच धुरळा खाली बसला. तंत्र तेच, फरक विचारण्याचा.

न विचारणाऱ्यांचं काय, ते मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं आहे. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या बाजूनं न्यायमूर्ती आर. आय. छागला यांनी आदेश दिला की त्यांचा आवाज, नाव, शैली परवानगीशिवाय एआयमध्ये वापरता येणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांनी मेक इन्क या अमेरिकन कंपनीसह इतर काहींच्या विरोधात दाद मागितली, कारण त्यांच्या आवाजाची एआय नक्कल तयार करून मिळत होती. न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांनी अंतरिम दिलासा देताना म्हटलं की कुणाचाही आवाज नामवंत गायिकेच्या आवाजात बदलून देणारं साधन परवानगीशिवाय उपलब्ध करून देणं हेच तिच्या व्यक्तिमत्त्वाच्या हक्कांचं उल्लंघन आहे.

म्हणजे आशाताईंचा आवाज आता कायद्यानं आशाताईंचा आहे. चांगलंच झालं. पण ती केस लढायला नाव लागतं, वकील लागतो, आणि 'हा आवाज माझा' हे सगळ्या देशाला आधीच माहीत असावं लागतं. कळंबोली ते उरण एवढ्याच पट्ट्यात ओळखला जाणारा गायक हे कोर्टात कसं सिद्ध करणार?

"पण गाणं चांगलं आहे ना, मग झालं!"

हे म्हणणारेही फॅन्सच आहेत आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ज्या पोराला गाता येत नाही, स्टुडिओचं भाडं परवडत नाही, त्याच्या हातात सुनो किंवा युडिओसारखं साधन आलं तर तो बहिणीच्या लग्नाला तिच्या नावाचं गाणं करून देतो. घरात सगळे खूश. यात कुणाचं काय गेलं?

शिवाय कान दगा देतात. डीझर या फ्रेंच ॲपनं इप्सॉसकडून आठ देशांतल्या ९ हजार लोकांची पाहणी करून घेतली, तिचे आकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. ९७ टक्के लोकांना एआयचं गाणं आणि माणसाचं गाणं यातला फरक ओळखता आला नाही. त्या आठ देशांत भारत नव्हता, पण आपले कान फार तिखट आहेत अशा भ्रमात राहू नये. त्याच पाहणीत ८० टक्के लोक म्हणाले की गाणं एआयचं असेल तर तसं स्पष्ट लिहा. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. लोकांना ओळखता येत नाही, पण कळायला मात्र हवंय. बाटलीतलं पाणी चवीवरून ओळखता येत नाही म्हणून लेबल नको असं आपण म्हणतो का?

डीझरनं आणखी एक सांगितलं. तेव्हा त्यांच्याकडे रोज ५० हजार गाणी पूर्ण एआयनं बनलेली येत होती, रोज येणाऱ्या एकूण गाण्यांच्या साधारण ३४ टक्के. पण ती ऐकली जात होती एकूण ऐकण्याच्या अर्धा टक्का, आणि त्यातलंही बहुतेक ऐकणं माणसांचं नसून पैसे लाटण्यासाठी लावलेल्या बॉट्सचं होतं. म्हणजे एआय गाण्यांचा हा पूर फॅन्ससाठी आलेला नाही. प्रत्येक ऐकण्यामागे मिळणाऱ्या पैशाच्या हंडीत हात घालायला आलेला आहे. स्पॉटिफायनंही सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं की वर्षभरात साडेसात कोटी असल्या फालतू ट्रॅक काढून टाकल्या.

आणि ज्यांनी मनापासून एआयवर गाणी केली त्यांचं काय झालं, तेही बघण्यासारखं आहे. जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बड्या म्युझिक कंपन्यांनी सुनो आणि युडिओवर खटले भरले, आमची गाणी न विचारता वापरून तुमचं यंत्र शिकवलंत म्हणून. ऑक्टोबर २०२५ मध्ये युडिओनं युनिव्हर्सलशी समझोता केला आणि त्याच झटक्यात वापरणाऱ्यांची डाउनलोडची सोय बंद केली. पैसे भरून गाणी बनवणारे लोक खवळले. मग त्यांना ४८ तासांची मुदत मिळाली, तेवढ्यात काय ते उतरवून घ्या म्हणून. नोव्हेंबरात वॉर्नर आणि सुनोचंही जमलं. बड्यांची भांडणं बड्यांनी मिटवली. ज्यांनी रात्र रात्र बसून गाणी केली होती त्यांना कुणी बैठकीला बोलावलं नाही.

नावड्याच्या गाण्याचा सातबारा

आता परत मांडवात या.

आगरी लग्नात एक बाई असते, धवलारीण. लग्नाचे विधी ती गाण्यांतून करते, त्या गाण्यांना धवले म्हणतात. मराठीत ही परंपरा किती जुनी? महानुभाव पंथातल्या महदाइसेनं तेराव्या शतकात रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले आणि तिला मराठीतली पहिली कवयित्री मानतात. धवलारणीकडे ना रेकॉर्डिंग, ना वही. सासूकडून, आईकडून, गावातल्या म्हातारीकडून तोंडी आलेलं. आजच्या आगरी गाण्यांच्या कित्येक चाली आणि शब्द याच मातीतून आले आहेत.

एआय कंपन्यांना शिकवायला गाणी लागतात. सुनोनं अमेरिकेच्या कोर्टात जे उत्तर दिलं त्यात हे जवळपास मान्यच केलं की इंटरनेटवर खुलेपणी मिळणाऱ्या बऱ्यापैकी दर्जाच्या सगळ्या गाण्यांवर यंत्र शिकवलं गेलं आहे. यूट्यूबवर चढलेलं आगरी गाणं खुलंच असतं. मग उद्या कुणी 'आगरी हळदीचं जोरदार गाणं बनव' असं टाइप केलं आणि यंत्रानं बनवून दिलं, तर ते यंत्र कुणाच्या जिवावर गातंय?

या पट्ट्यातल्या माणसाला हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १७ मार्च १९७० ला सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. जमिनीला निदान सातबारा होता. त्यावर नाव होतं म्हणून दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहू शकले, जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जणांनी जीव दिला आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना मिळाली. गाण्याला सातबारा नाही. धवलारणीच्या धवल्याला तर नाहीच, कारण तोंडी परंपरेतल्या गाण्याचा एक ठरलेला मालक कॉपीराइट कायद्याला दिसत नाही.

जे गाणं नव्यानं लिहिलं, चाल लावली, त्याला मात्र हक्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्यानं कागदावर सही करून दिला तरी जात नाही. पण त्यासाठी लिहिलेलं गाणं कुणाचं हे आधी कुठेतरी नोंदलेलं हवं. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था हेच काम करते. आपल्या भागातली किती गाणी तिथे असतील? व्हिडिओखाली 'सौजन्य' म्हणून चार मित्रांची आणि एका केटरर्सची नावं असतात, पण चाल कुणाची ते लिहायचं राहून जातं. हे मात्र आपलंच चुकतं.

पैशाचं गणितही छोट्या गाण्याच्या बाजूनं नाही. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम आहे, मागच्या बारा महिन्यांत १००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या ट्रॅकला एक पैसाही नाही. एखाद्या गावदेवीचं गाणं त्या एकाच गावात जीव ओतून ऐकलं जातं. तिथे १००० ला अर्थ काय?

आणि आता सरकारी प्रस्ताव. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या डीपीआयआयटीनं नेमलेल्या समितीनं एक वर्किंग पेपर काढला. त्यात सुचवलंय की एआय कंपन्यांना कायदेशीर मार्गानं मिळालेली कोणतीही कलाकृती शिकवण्यासाठी वापरू द्यावी, आणि त्यांनी त्यातून कमाई सुरू केली की सरकारनं ठरवलेल्या दरानं रॉयल्टी द्यावी. पैसा एका मध्यवर्ती संस्थेमार्फत वाटला जाईल. आयटी कंपन्यांच्या नॅसकॉमनं याला असहमती नोंदवली, त्यांना पैसे द्यायचं हे बंधनच नको आहे. पण कलाकाराच्या बाजूनं बघा. या प्रस्तावात 'माझं गाणं वापरू नका' असं म्हणायची सोय नाही. मोबदला मिळेल, नकार देता येणार नाही.

९५ गावांतल्या म्हाताऱ्यांना हे वाक्य ओळखीचं वाटेल.

तुमच्या हातात काय आहे?

ऐकणारा म्हणून थोडं आहे. गाण्याच्या क्रेडिट्समध्ये जाऊन गायक, गीतकार, संगीतकार यांची नावं बघा. एका 'कलाकाराची' महिन्याभरात पन्नास गाणी आली असतील, कार्यक्रमाचा एकही व्हिडिओ नसेल, तर काय ते समजा. यूट्यूबवर मार्च २०२४ पासून खरं वाटेल असं एआयनं केलेलं काही टाकताना तसं सांगणं बंधनकारक आहे, तो शिक्का वर्णनाच्या भागात दिसतो. न सांगता टाकलेलं दिसलं तर कमेंटमध्ये विचारा. वेल्वेट सनडाऊनचं बिंग अशाच विचारणाऱ्यांनी फोडलं.

गाणं करणारे असाल तर मूळ रेकॉर्डिंगच्या फाइल तारखेसकट जपून ठेवा, व्हिडिओवर गीत-संगीत-गायक स्पष्ट लिहा, आयपीआरएसची सदस्यता घ्या. गौहर जान नाव सांगूनच थांबायच्या, तेवढं तरी करा.

आणि ॲपच्या भरवशावर राहू नका. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफायचं फिसकटलं आणि लोकांच्या प्लेलिस्टमधली झीची गाणी एका दिवसात मुकी झाली. 'सैराट'चा अल्बम याच झी म्युझिकचा आहे. टिकटॉकवाल्यांचं रेसो ॲप ३१ जानेवारी २०२४ ला भारतात बंद पडलं. त्याच वर्षी एअरटेलनं विंक गुंडाळायचं जाहीर केलं. वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या गेल्या.

डीजेवाल्यांना हे आपल्या आधी कळलेलं आहे. हळदीच्या मांडवात ऐन वेळी नेटवर्क जातं, त्यामुळे त्यांच्या खिशात पेनड्राइव्ह असतो आणि त्यात पंधरा-वीस वर्षांची आगरी गाणी असतात, कित्येक तर आता कुठल्याच ॲपवर नसलेली. फाइलच्या नावात गायकाचं नाव असतं, कधी गावाचंही. तुमच्या गावच्या डीजेवाल्याला एकदा विचारून त्याची एक कॉपी मारून घ्या.